घाम अंगाला, गारठा पावलांना

डिसेंबरच्या अखेरीस नाशिक जिल्ह्यातल्या निफाडचे नाव पेपरात झळकते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला, द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटल्या, अशी ती दरवर्षीची बातमी. ती बातमी छापलेले अंक घरोघर टाकणारा माणूस मात्र त्या थंडीत पहाटे पाचपासून सायकलवर असतो. डोक्याला कानटोपी, अंगात स्वेटर, गळ्याला मफलर आणि पायात रबरी स्लिपर. अर्ध्या तासात त्याची पाठ घामेजते, मफलर सैल होतो, स्वेटरची चेन खाली येते. पायाची बोटे तोवर इतकी गारठलेली असतात की सायकलवरून उतरताना पाऊल जमिनीला कधी टेकले तेही नीट कळत नाही.

हाच अनुभव हजारो रुपयांची सायकल आणि खास बूट घेऊन पहाटे निघणाऱ्या हौशी सायकलपटूलाही येतो. पाय तर सतत फिरत असतात, सायकल चालते ती पायांच्याच जोरावर, मग सगळ्यात आधी गार पडतात ती पावलेच, असे का?

उत्तराचा पहिला भाग असा की सायकल चालवताना ‘पाय’ काम करतात, ‘पाऊल’ नाही. पेडल दाबण्याचे काम मांड्या, नितंब आणि काही प्रमाणात पोटऱ्या करतात. आपण खाल्लेल्या अन्नातून स्नायूंना मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे पाव हिस्साच पेडलपर्यंत पोहोचतो. उरलेली उष्णता होते. म्हणजे एखादा सायकलस्वार पेडलवर 100 वॉटची ताकद लावत असेल, तर त्याच्या शरीरात 300 वॉटच्या आसपास उष्णता तयार होत असते. घाम येतो तो यामुळे. पण ही भट्टी गुडघ्याच्या वर पेटलेली असते. पावलात मोठे स्नायू जवळपास नाहीतच. बोटे हलवणारे बरेचसे स्नायूसुद्धा पोटरीत असतात आणि तिथून लांब दोऱ्यांसारखे स्नायुबंध बोटांपर्यंत येतात. चालताना निदान टाच टेकते, चवडा वाकतो, बोटे जमीन रेटतात. सायकलवर पाऊल म्हणजे नुसती फळी. मांडीने दिलेला जोर ती पेडलवर पोहोचवते आणि स्वतः काहीच करत नाही.

स्वतःची भट्टी नसलेल्या पावलाला उष्णता मिळते ती रक्तातून. तिथे शरीराचे धोरण आड येते. मेंदू, हृदय, यकृत यांचे तापमान 37 अंशांच्या आसपास राखणे ही शरीराची पहिली जबाबदारी. हातापायांच्या बाबतीत ते बरेच उदार, खरे तर निष्ठुर आहे. तळपाय, पायाची बोटे, तळहात, नाक आणि कान यांच्या त्वचेत लहान धमन्या आणि शिरा यांना थेट जोडणाऱ्या खास वाहिन्या असतात. उन्हाळ्यात त्या सताड उघडतात, भरपूर गरम रक्त त्वचेजवळ येते आणि उष्णता बाहेर जाते. थंडी वाजू लागली की चेतातंतूंकडून हुकूम सुटतो आणि त्या बंद होतात. घरात पाहुणे वाढले की ओसरीवरचा दिवा मालवून माजघरातला चालू ठेवावा, तसे.

आणखी एक किमया आहे. पायात उतरणाऱ्या धमनीला खेटूनच परत फिरणाऱ्या शिरा असतात. खाली जाणारे गरम रक्त वाटेतच आपली उष्णता वर येणाऱ्या गार रक्ताला देऊन टाकते. उष्णता धडात राहते, पावलापर्यंत पोहोचते ते कोमट रक्त. पक्ष्यांमध्ये ही व्यवस्था टोकाला गेलेली आहे. निफाड तालुक्यातच असलेल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीत हिवाळी पाहुणे म्हणून आलेली बदके पहाटेच्या गार पाण्यात तासन्‌तास निवांत उभी दिसतात. त्यांचे पाय जवळपास पाण्याइतकेच गार असतात, आणि म्हणूनच त्यांच्या अंगातली ऊब पाण्यात वाहून जात नाही. बदकाचे त्याने काही बिघडत नाही. माणसाच्या पावलाला मात्र ते सोसत नाही.

त्यात वारा. हवा आठ अंश असेल आणि सायकलचा वेग ताशी 20 किलोमीटर, तर उघड्या त्वचेला ती साधारण पाच अंशांसारखी बोचते. घाट उतरताना वेग 40 वर गेला तर तीन अंशांसारखी. उतारावर पेडल मारायचे नसल्याने उष्णताही तयार होत नाही, अंगावर चढाचा घाम असतोच. म्हणून हुडहुडी भरते ती चढात नव्हे, उतारात. हे आकडे ज्या सूत्रातून येतात त्याचा उगम अंटार्क्टिकातला. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी तिथे प्लॅस्टिकच्या नळकांड्यातले पाणी वाऱ्यात किती वेळात गोठते ते मोजले आणि 1945 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजचे सुधारित सूत्र 2001 पासून वापरात आहे. ते चेहऱ्याच्या उघड्या त्वचेसाठी बेतलेले असल्याने बूट घातलेल्या पावलाला तंतोतंत लागू पडत नाही. स्लिपरमधल्या पावलाच्या मात्र बरेच जवळ जाते. आणि वारा कितीही सुटला तरी कोणतीही कोरडी वस्तू हवेच्या तापमानाखाली जात नाही. पाऱ्याने शून्याच्या वर मुक्काम ठेवला असेल तर पाय गोठणार नाही. त्याने इजा होणारच नाही असे मात्र नाही. त्याकडे पुढे येऊ.

गंमत अशी की पावलाला लागणारा वारा सतत सायकलच्या वेगाइतकाच नसतो. पेडल वरच्या बाजूला असताना पाऊल सायकलपेक्षा जास्त वेगाने पुढे जाते, खाली असताना कमी वेगाने. मिनिटाला 80 फेरे मारणाऱ्याच्या पावलाला 20 च्या वेगातही आळीपाळीने 25 आणि 15 किलोमीटरचा वारा लागतो. पंखा घालावा तसा हा झोत बुटाच्या जाळीतून आत शिरतो. सायकलिंगचे बहुतेक बूट मुळात उन्हाळ्यासाठी केलेले असतात: वर जाळी, तळाला हवेसाठी भोके, आणि पेडलमध्ये अडकणारी क्लीट बसवायला लोखंडी पट्टी आणि स्क्रू. ही पट्टी नेमकी चवड्याखाली येते आणि उष्णता खाली पेडलला देत राहते.

मग करायचे काय? बहुतेक जण पहिली चूक इथेच करतात. पाय गार पडतात म्हणून मोज्यांवर मोजे चढवतात. एरवी बरोबर बसणाऱ्या बुटात दोन जाड मोजे कोंबले की पाऊल आवळले जाते. आधीच आक्रसलेल्या रक्तवाहिन्यांवर बाहेरूनही दाब येतो, आणि मोज्याच्या धाग्यांत अडकलेली हवा, जी खरी ऊब राखते, तीही दाबून निघून जाते. दोन मोजे घातल्यावर पाय आणखी गारठल्याची तक्रार अनेक जण करतात, ती खोटी नसते. कसोटी सोपी आहे. बूट बांधल्यावर आत बोटांची मोकळी चुळबुळ करता यायला हवी. ती येत नसेल तर एक मोजा काढावा किंवा हिवाळ्यासाठी एक माप मोठा बूट ठेवावा. लेस आणि पट्टेही चवड्यावर सैलच हवेत.

मोजा कशाचा, हाही प्रश्न आहे. सुती मोजा घाम पितो आणि ओला होऊन बसतो. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे ओला मोजा म्हणजे पावलाला गुंडाळलेली गार पट्टीच. लोकरीचा मोजा ओलसर झाला तरी बरीच ऊब टिकवतो. पूर्वीच्या लोकांकडे घरी विणलेले लोकरी मोजे असत, ते पायाला टोचत म्हणून मुले कुरकुरत. आज मऊ मेरिनो लोकरीच्या मोज्यांची जोडी चांगली महाग पडते. तेवढे पैसे नसतील तर जाडसर नायलॉन मिश्रणाचा मोजाही सुती मोज्यापेक्षा बरा. निघण्याच्या आधीपासून घालून ओलसर झालेले मोजे तसेच ठेवून सायकलवर बसू नये. कोरडी जोडी निघतानाच चढवावी.

वारा अडवणे हे दुसरे काम आणि ते स्वस्तात होते. दुधाच्या किंवा ब्रेडच्या रिकाम्या पिशव्या मोज्यांवर चढवून वर बूट घालण्याची युक्ती नाशिक-पुण्याच्या थंडीतही चालते आणि युरोपातल्या बर्फातही. तासाभराच्या फेरीसाठी ती उत्तम. त्यापुढे घाम आत साचून मोजा भिजतो आणि फायदा उलटतो. बुटाच्या तळाची भोके आतून टेपने बंद करणे, इनसोलच्या खाली पातळ फोमचा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा घालणे, चवड्यावरून बाजारात मिळणारे टोपीसारखे आवरण ओढणे, यातला प्रत्येक उपाय थोडा थोडा हातभार लावतो. जुन्या युरोपीय शर्यतींमध्ये घाटमाथ्यावर उभे असलेले प्रेक्षक सायकलपटूंना वर्तमानपत्र देत आणि उतार लागण्याआधी ते जर्सीखाली छातीवर सरकवले जाई. वारा अडवायला कागद वाईट नाही. पेपरवाल्याला तर तो घरचाच.

तिसरा उपाय पावलाशी संबंधित नाही असे वाटते, पण डॉक्टर आणि जाणते सायकलपटू दोघेही त्यालाच सर्वाधिक महत्त्व देतात. पाय गरम ठेवायचे असतील तर धड आणि पोटऱ्या झाका. पावलाकडे जाणारे रक्त शरीर कापते ते धडाला गारवा जाणवला म्हणून. कॅनडातील संरक्षण संशोधकांनी केलेल्या प्रयोगांत अंगात गरम केलेले जाकीट असताना कडाक्याच्या थंडीतही उघड्या हातांची बोटे उबदार राहिली होती. धड गरम आहे असे कळल्यावर शरीराने बोटांकडचे रक्त रोखलेच नाही. पायांचेही तसेच. अर्ध्या चड्डीत सायकल चालवून महागडे मोजे घालण्यापेक्षा पूर्ण पँट, साधे मोजे आणि छातीवर वारा अडवणारे जाकीट हा व्यवहार शहाणपणाचा. घोट्याजवळ धमन्या त्वचेच्या अगदी लगत असतात. तिथे मोजा आणि पँट यांच्यात बोटभर फट राहिली तरी खाली जाणारे रक्त तिथेच गार होते. काहीही न खाता निघणे, सिगारेट ओढून निघणे हेही पावलांच्या मुळावर येते. निकोटीन त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळते. दारूचे उलटे: त्वचेत रक्त आल्याने क्षणभर गरम वाटते आणि तेवढ्या वेळात शरीराची शिल्लक उष्णता बाहेर निघून जाते.

एवढे करूनही बोटे बधिर झाली तर सायकलवरून उतरून पाच-दहा मिनिटे हातात सायकल धरून चालावे. चालताना पोटरी आणि पावलाचे स्नायू कामाला लागतात, चवड्यावरचा एकाच जागचा दाब सुटतो. चढावर चालले तर आणखी लवकर ऊब येते. वेळ वाया गेल्याचे दुःख करण्यात अर्थ नाही; बधिर पावलाने ब्रेक लागल्यावर पाय टेकताना पडण्याचा धोका त्याहून मोठा आहे.

रात्रभर सायकल चालवणाऱ्यांना हे चांगले ठाऊक असते. पुणे, नाशिक, मुंबईत ‘ब्रेव्हे’ नावाच्या लांब पल्ल्याच्या राईड होतात. 200 किलोमीटरसाठी साडेतेरा तास, 600 साठी 40 तास अशी मुदत असते आणि मोठ्या पल्ल्यात एक तरी पहाट रस्त्यावर उजाडते. यातले काही जण पुढे फ्रान्समधल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या 1200 किलोमीटरच्या राईडला जातात. 2019 मध्ये ती ऑगस्टमध्ये होती. उन्हाळा म्हणून गेलेल्या भारतीयांना ब्रिटनीतल्या रात्रींनी चांगलेच काकडवले. तिथे पारा गोठणबिंदूच्या वरच होता; पण झोप नाही, पोटात पुरेसे अन्न नाही, मोजे दमट आणि तासन्‌तास पेडलवर तीच स्थिती. एवढ्या गोष्टी एकत्र आल्या की सात-आठ अंशही पुरे होतात.

पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या खंदकांत हेच भयंकर प्रमाणावर घडले. 1914 च्या हिवाळ्यात तिथे भारतीय सैनिकही होते. पाणी भरलेल्या खंदकात, आवळलेल्या बुटांत दिवसचे दिवस उभे राहिल्याने पावले सुजत, काळीनिळी पडत, सडत. तापमान शून्याखाली जाण्याची त्यासाठी गरज नव्हती. ओल, दाब आणि हालचालीचा अभाव एवढे पुरे होते. त्यावर लष्कराने काढलेला तोडगा साधा होता: मोजे बदला, पाय कोरडे करा आणि रोज एकमेकांचे पाय तपासा.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला फिनलंडमधले औलू हे शहर. जानेवारीत तिथले सरासरी तापमान उणे 10 च्या आसपास असते आणि तरीही शाळकरी मुले, आज्या, नोकरदार सगळे सायकलवर दिसतात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 2013 मध्ये तिथेच भरली. त्यांच्या पायात काय असते? साधे, सैल, जाड तळाचे हिवाळी बूट. क्लीट नाही, घट्ट पट्टे नाहीत. सपाट पेडलवर कोणतेही पादत्राण चालते. अंतर थोडे, वेग बेताचा, आणि पालिका सायकलमार्गांवरचे बर्फ पहाटेच काढते. जर्मनीत किंवा कॅनडात शिकायला गेलेल्या मराठी मुलांनी तिथल्या पहिल्या हिवाळ्यात स्पोर्ट्स शूजऐवजी या आज्यांचे अनुकरण करावे. मात्र शून्याखाली हिमदंशाचा धोका खरा असतो. बोट पांढरे, मेणासारखे, कडक झाले आणि दुखायचे थांबले तर ते बरे झाल्याचे लक्षण नव्हे. ते चोळू नये, त्यावर बर्फ तर मुळीच घासू नये. आत जाऊन 37 ते 39 अंशांच्या कोमट पाण्यात बुडवावे आणि डॉक्टर गाठावा. पुन्हा थंडीत बाहेर पडावे लागणार असेल तर तोवर ते गरमही करू नये. एकदा सुटलेले बोट पुन्हा गोठले तर इजा कितीतरी जास्त होते.

महाराष्ट्रात हिमदंशाची भीती नाही. इथे प्रश्न वेगळे आहेत.

काही जणांची बोटे थोड्याशा गारव्यानेही पांढरी फटक पडतात, मग निळसर आणि ऊब मिळाल्यावर लालबुंद होऊन ठणकतात. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरने 1862 मध्ये आपल्या प्रबंधात याचे वर्णन केले; आजही त्याच्याच नावाने हा विकार ओळखला जातो. स्त्रियांमध्ये तो अधिक दिसतो. बहुतेकदा तो निरुपद्रवी असतो, पण चाळिशीनंतर अचानक सुरू झाला, एकाच पायात होऊ लागला किंवा बोटाला जखम झाली तर तपासणी हवी. रक्तदाब आणि हृदयविकारासाठी दिल्या जाणाऱ्या बीटा ब्लॉकर गटातल्या गोळ्यांनीही हातपाय गार पडतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नये, डॉक्टरांना सांगावे. थंडीतून घरी आल्यावर काही तासांनी बोटांवर लाल, खाजरे, दुखरे फोड येणे हा आणखी एक प्रकार. गार पाय एकदम शेकल्याने तो बळावतो. आणि बधिरपणा उन्हाळ्यातही येत असेल, तर दोष थंडीचा नसून घट्ट बुटाचा किंवा चवड्याखालच्या नसेवर येणाऱ्या दाबाचा आहे.

सगळ्यात जपायला हवे ते मधुमेहींनी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या अनेकांना डॉक्टर सायकल चालवायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण जुन्या मधुमेहात पावलाची संवेदना हळूहळू बोथट होते. अशा माणसाला पाय किती गारठला हे कळत नाही आणि पुढचे अधिक घातक म्हणजे तो किती भाजतो आहे हेही कळत नाही. पहाटेची फेरी संपवून टपरीजवळच्या शेकोटीला पाय लावायचे, घरी हीटरसमोर बसायचे, नाहीतर गरम पाण्याची पिशवी पायाशी घ्यायची. बाकीच्यांना चटका बसला की पाय आपोआप मागे येतो. यांचा येत नाही. दुसऱ्या दिवशी मोज्याला ओल दिसते तेव्हा फोड फुटलेला असतो, आणि मधुमेहातली पायाची जखम महिनोन्‌महिने भरत नाही; कधी बोटावर, कधी पायावर बेतते. बुटात ठेवायच्या, लोहाच्या चुऱ्याने तापणाऱ्या पुड्याही याच कारणाने यांच्यासाठी वर्ज्य. बाकीच्यांनीही त्या मोज्यावरूनच वापराव्यात, थेट कातडीला लावू नयेत.

मधुमेही सायकलस्वाराने स्लिपर घालून निघू नये. बंद, सैल बूट आणि शिवण न टोचणारे मोजे हवेत. बूट घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा, खिळा, क्लीटचा वर आलेला स्क्रू नाही ना, ते पाहावे. परत आल्यावर मोजे काढून तळवे, टाचांच्या भेगा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात बघाव्यात. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा किंवा घरच्या माणसाला बघायला सांगावे. पाय गारच असतील तर कोरडे लोकरी मोजे घालून पांघरुणात घ्यावेत, शेकू नयेत. कोमट पाणी घ्यायचेच असेल तर ते आधी पायाने नाही, कोपराने पाहावे, किंवा घरातल्या ज्याला चटका कळतो अशा कुणाला तरी त्यात हात घालायला सांगावे.